मटका, मटकी आणि अकिस्मेट: मराठी ब्लॉगसाठी वर्डप्रेसची प्रतिक्रिया-व्यवस्था

वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या सॉफ्टवेअरसोबत वाचकांच्या प्रतिक्रिया सांभाळण्याची जी व्यवस्था फुकट मिळते ती जुनी, साधी आणि भक्कम आहे. तिच्या जोडीला अकिस्मेट हे स्पॅम (नको असलेला जाहिरातबाजीचा मजकूर) ओळखणारं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं पूरक सॉफ्टवेअर, दिलं की छोट्या किंवा मध्यम ब्लॉगला आणखी काही विकत घ्यावं लागत नाही. मात्र ही जोडी घडली ती इंग्रजी मजकूर समोर ठेवून. मराठीत शब्दाचं सामान्यरूप होतं, त्याला प्रत्यय चिकटतो, एकच अक्षर दोन-तीन तऱ्हांनी टंकता येतं. त्यामुळे इंग्रजी मार्गदर्शिकांमधल्या सूचना जशाच्या तशा पाळल्या तर स्पॅम आत येतो आणि भला वाचक बाहेर राहतो. थोडी मेहनत घेतली तर हीच व्यवस्था मराठीत उत्तम चालते. ती मेहनत कुठे घ्यायची, हाच या परीक्षणाचा विषय आहे.

इथे विचार केला आहे तो स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर, बसवलेल्या वर्डप्रेसचा. वर्डप्रेस डॉट कॉमवर ब्लॉग असेल तर अकिस्मेट तिथे आधीपासून चालू असतं, बाकीच्या बहुतेक गोष्टी सारख्याच आहेत.

'डिस्कशन'चं पान

सगळा कारभार 'सेटिंग्ज'मधल्या 'डिस्कशन' या एका पानावर आहे. वरच्या भागातली पिंगबॅक आणि ट्रॅकबॅक स्वीकारण्याची चौकट आधी रिकामी करावी. दुसऱ्या कुणी आपल्या लेखाचा दुवा दिला की आपल्याला आपोआप कळावं, यासाठी ही सोय होती. आज तिचा फायदा मुख्यतः स्पॅमवाले घेतात. चौकट रिकामी केली तरी ती फक्त यापुढच्या लेखांना लागू होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जुन्या लेखांसाठी 'पोस्ट्स'च्या यादीत जाऊन लेख निवडायचे आणि 'बल्क एडिट'मधून पिंग बंद करायचे. यादी एका पानावर २० लेख दाखवते. 'स्क्रीन ऑप्शन्स'मध्ये तो आकडा १०० केला की काम लवकर उरकतं. त्याहून मोठा आकडा स्वस्तातल्या होस्टिंगला झेपत नाही, पान अर्धवट अडकतं.

नाव आणि ईमेल बंधनकारक ठेवावं. ईमेल खरा आहे की नाही हे वर्डप्रेस तपासत नाही, फक्त त्याची घडण ईमेलसारखी आहे ना एवढंच बघतं. तरीही हे बंधन हवं, कारण पुढचा सगळ्यात उपयोगी नियम त्यावर उभा आहे: 'ज्याची एक प्रतिक्रिया पूर्वी मंजूर झाली आहे त्याची पुढची थेट दिसू द्या'. वाचकाची पहिली प्रतिक्रिया रांगेत थांबते, ती वाचून आपण मंजूर करतो, आणि त्यानंतर त्याला ताटकळावं लागत नाही. नियमित वाचक असलेल्या ब्लॉगसाठी याहून चांगला तोल दुसऱ्या कुठल्याही सेटिंगमध्ये सापडत नाही. प्रत्येक प्रतिक्रिया हाताने मंजूर करण्याचा पर्यायही आहे, पण तो लावला की संवाद सुकतो. सकाळी विचारलेला प्रश्न रात्री दिसला तर त्यावर दुसरा वाचक बोलायला उरत नाही.

या नियमाच्या दोन उणिवा माहीत हव्यात. तो नाव आणि ईमेल अशी जोडी जुळवून बघतो. आपल्याकडे एकच वाचक संगणकावरून नाव देवनागरीत लिहितो आणि फोनवरून रोमन अक्षरांत. वर्डप्रेसच्या लेखी ही दोन माणसं, म्हणून जुना वाचक पुन्हा रांगेत जातो. प्रतिक्रियेच्या चौकटीखाली 'माझं नाव-ईमेल या ब्राउझरमध्ये लक्षात ठेवा' अशी खूण असते, ती काढून टाकू नये. तिच्यामुळे नाव दर वेळी एकसारखं भरलं जातं. दुसरी उणीव अधिक गंभीर. ईमेलची पडताळणी नसल्याने एखाद्या नेहमीच्या वाचकाचं नाव आणि ईमेल ज्याला ठाऊक आहे, तो त्याच्या नावाने थेट लिहू शकतो. वाद तापलेल्या लेखावर एखादा परिचित वाचक अचानक वेगळ्याच सुरात बोलू लागला, तर प्रतिक्रियेखालचा आयपी पत्ता (इंटरनेट-जोडणीचा क्रमांक) त्याच्या जुन्या प्रतिक्रियांशी ताडून पाहावा. पत्ता वेगळा निघाला म्हणजे तोतयाच, असं नाही. पण ईमेल करून विचारायला तेवढं कारण पुरतं.

स्पॅमवाल्यांची एक ठरलेली चाल याच नियमावर बेतलेली असते. आधी 'खूप छान माहिती' एवढंच लिहायचं, मंजुरी मिळवायची, आणि मग दुवे ओतायचे. म्हणून कौतुकाची मोघम प्रतिक्रिया मंजूर करताना नावाला जोडलेला दुवा बघावा. तो कर्जाच्या, जुगाराच्या किंवा औषधांच्या दुकानाकडे जात असेल तर कौतुकासकट ती स्पॅममध्ये टाकावी. दिलासा एवढाच, की दुव्यांची मर्यादा पूर्वमंजुरीच्या आधी तपासली जाते. म्हणजे मंजूर वाचकानेही मर्यादेइतके दुवे दिले की ती प्रतिक्रिया थांबते. ही मर्यादा मुळात २ असते. ती १ करावी. मराठी वाचक प्रतिक्रियेत दुवा क्वचित देतो, आणि देतो तेव्हा तो उघडून बघणं आपलं कामच आहे. नावाला जोडलेला दुवा मात्र या मोजणीत धरला जात नाही, तो डोळ्यांनीच बघावा लागतो. प्रतिक्रियांतल्या दुव्यांना वर्डप्रेस शोधयंत्रांसाठी 'नोफॉलो' अशी खूण लावतं, म्हणजे स्पॅमवाल्याला शोधक्रमात काही मिळत नाही. तरीही स्पॅम थांबत नाही, कारण तो टाकणारा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, ही खूण बघतच नाही. लेखाचं पान न उघडता तो प्रतिक्रिया स्वीकारणाऱ्या फाइलला थेट मजकूर पाठवतो.

ठरावीक दिवसांनी जुन्या लेखांवरच्या प्रतिक्रिया बंद करण्याची सोय आहे, चौकटीत मुळात १४ दिवस असतात. बातम्या आणि राजकारणावर लिहिणाऱ्यांनी ती जरूर वापरावी. पाककृतींच्या ब्लॉगने मुळीच वापरू नये. चकली तेलात का विरघळली, अनारसा का हसला, हे प्रश्न दर दिवाळीत पाच-सात वर्षांपूर्वीच्या लेखावर येतात आणि त्या लेखाचं मोल त्यांनीच वाढतं. अडचण अशी की ही मर्यादा सगळ्या लेखांना सरसकट लागते, एखाद्या लेखाला सूट देता येत नाही. गूगलच्या ब्लॉगरमध्ये यावर चांगला उपाय आहे: अमुक दिवसांपेक्षा जुन्या लेखावरची प्रतिक्रिया बंद न करता फक्त मंजुरीसाठी थांबवता येते. वर्डप्रेसमध्ये एवढी साधी सोय अजून नाही, ही मोठी त्रुटी आहे.

उत्तराला उत्तर देण्याची खोली मुळात ५ पायऱ्यांची असते. फोनवर चौथ्या-पाचव्या पायरीला ओळीत दोन-तीन शब्द मावतात आणि मराठीचे लांब जोडशब्द तुटतात. ३ पायऱ्या पुरेत.

शब्दांच्या दोन याद्या

याच पानावर खाली दोन मोठ्या चौकटी आहेत. पहिलीतला शब्द आढळला तर प्रतिक्रिया मंजुरीच्या रांगेत थांबते. दुसरीतला आढळला तर ती सरळ कचरापेटीत जाते, आपल्याला ईमेल येत नाही, आणि ३० दिवसांनी ती आपोआप कायमची पुसली जाते. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून दुसऱ्या यादीचं इंग्रजी नाव बदललं, काम तेच आहे. जुन्या मार्गदर्शिका वाचताना यामुळे गोंधळ होतो.

यादीत एका ओळीवर एकच नोंद करायची. स्वल्पविराम देऊन दहा शब्द एका ओळीत लिहिले तर वर्डप्रेस ती अख्खी ओळ एकच शब्द समजतं आणि काहीच अडत नाही. 'यादी चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

आता मुख्य मुद्दा. हा शोध पूर्ण शब्दाचा नसतो, शब्दाच्या पोटातही चालतो. इंग्रजीत ही डोकेदुखी समजली जाते. मराठीत ती डोकेदुखीही आहे आणि मोठी सोयही. 'जुगार' असं लिहिलं की जुगारात, जुगाराचा, जुगारी हे सगळं एका नोंदीत येतं, प्रत्येक विभक्तीसाठी वेगळी ओळ लागत नाही. पण ज्या शब्दाचं सामान्यरूप होताना शेवट बदलतो तिथे पूर्ण शब्द लिहिणं चुकीचं ठरतं. 'सट्टा' लिहिलं तर 'सट्ट्याचे आकडे' निसटतात. 'सट्ट' लिहिलं तर दोन्ही सापडतात. 'गुंतवणूक' लिहिलं तर 'गुंतवणुकीतून दुप्पट पैसे' निसटतं, कारण प्रत्यय लागताच दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. तिथे 'गुंतवण' पुरतं. 'वशीकरण' ही ज्योतिषी-मांत्रिकांच्या जाहिरातींची हमखास खूण. पण ते लोक शुद्धलेखन पाळत नाहीत, म्हणून 'वशिकरण' ही नोंदही सोबत हवी.

आणि इथेच दुसरी बाजू येते. 'मटका' लिहिलं तर 'मटक्याचे आकडे' सुटतात म्हणून 'मटक' लिहावं, तर मटकीची उसळ अडकते. 'कर्ज' लिहिलं की झटपट कर्जाच्या जाहिराती थांबतात, त्यासोबत कर्जतचा प्रत्येक उल्लेख आणि कर्जमाफीवरची प्रत्येक शेतकऱ्याची प्रतिक्रियाही थांबते. 'लोन' ही नोंद सिलोन आणि क्लोन या शब्दांतही सापडते. जातीवाचक शेरेबाजी रोखायच्या चांगल्या हेतूने कुणी एका जातीचं नाव दुसऱ्या यादीत टाकलं, तर 'महाराष्ट्र' आणि 'महाराज' हे शब्द असलेली एकूणएक प्रतिक्रिया न वाचताच कचऱ्यात जाईल. आणि असं काही घडतंय याचा पत्ताही लागणार नाही, कारण कचरापेटीची सूचना येत नाही.

शब्दाच्या आधी-नंतर रिकामी जागा सोडून पूर्ण शब्दाची अट घालता येईल, असं वाटतं. ती युक्ती चालत नाही, दोन्ही टोकांची रिकामी जागा वर्डप्रेस छाटून टाकतं. मधली जागा मात्र शाबूत राहते. म्हणून एकट्या शब्दाऐवजी जोडी लिहावी: 'झटपट कर्ज', 'कर्ज मिळवा', 'घरबसल्या कमवा', 'मटका नंबर'. अशा जोड्या मराठी स्पॅममध्ये पुन्हापुन्हा येतात आणि भल्या वाचकाच्या लिहिण्यात जवळजवळ येतच नाहीत.

शोध फक्त मजकुरात होत नाही. नाव, ईमेल, दुवा, आयपी पत्ता आणि ब्राउझर स्वतःची जी ओळख पाठवतो ती ओळ, या सगळ्यांत होतो. ब्राउझरची ओळ विसरल्याने मोठी फजिती होते. समजा, प्रवासाच्या ब्लॉगवर जंगल-सहलींच्या जाहिराती फार येतात म्हणून 'सफारी' हा शब्द रोमन लिपीत यादीत टाकला. आयफोनवरच्या सफारी ब्राउझरच्या ओळखीत तो शब्द आहे, आणि क्रोमच्या ओळखीतही आहे. म्हणजे जवळजवळ सगळ्याच वाचकांच्या प्रतिक्रिया अडकतात. रोमन नोंदी करताना आणखी एक जुना सापळा: सिआलिस या औषधाचं नाव रोमनमध्ये लिहिलं तर 'स्पेशालिस्ट' आणि 'सोशालिस्ट' या इंग्रजी शब्दांच्या पोटात तीच अक्षरं ओळीने येतात.

आयपी पत्त्याचंही तसंच. पत्त्याचा अर्धा तुकडा लिहिला तर तो इतर पत्त्यांच्या मधल्या भागातही जुळतो. शिवाय भारतात मोबाइल इंटरनेटवरचे असंख्य ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात. एका त्रासदायक माणसासाठी पत्ता अडवला तर त्याच मोबाइल कंपनीचे निरपराध वाचक अडतात, आणि तो माणूस फोन विमान-स्थितीत टाकून परत चालू केला की बहुतेकदा नवा पत्ता घेऊन हजर होतो. आयपी अडवणं हा भारतातल्या ब्लॉगसाठी जवळजवळ निरुपयोगी उपाय आहे.

उरला टंकनाचा प्रश्न. डोळ्यांना सारखं दिसणारं मराठी अक्षर संगणकाला वेगळं असू शकतं, आणि यादीतला शोध संगणकाच्या नजरेने होतो. 'ॲप'मधला पहिला ॲ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून टंकता येतं, किंवा अ आणि वर चंद्र असं दोन तुकड्यांत: 'अ‍ॅप'. शिवाय काही जण 'ऍप' असं लिहितात. तिन्ही नोंदी वेगवेगळ्या कराव्या लागतात. 'नोकऱ्या'मधला ऱ्या दोन तऱ्हांनी येतो: ऱ या स्वतंत्र अक्षरापासून बनवलेला, किंवा साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून बनवलेला 'नोकर्‍या'. यात 'नोकर' एवढीच नोंद केली तर दुसरा प्रकार सापडतो, पहिला सापडत नाही, कारण त्यातला ऱ हा र नव्हे. त्यामुळे यादीतला शब्द स्वतः टंकण्याऐवजी आलेल्या स्पॅममधून उचलून चिकटवणं चांगलं. फोन नंबर असेल तर देवनागरी आणि रोमन, दोन्ही अंकांत लिहावा.

हे सगळं बघता एक शिस्त पाळावी. नवी नोंद आधी पहिल्या, म्हणजे रांगेत थांबवणाऱ्या यादीत करायची. महिनाभर काय काय अडतंय ते बघायचं. एकही चांगला वाचक अडला नाही, तरच ती नोंद दुसऱ्या यादीत हलवायची. दुसरी यादी वीस-पंचवीस ओळींच्या पुढे जाऊ देऊ नये. इंटरनेटवर हजारो शब्दांच्या तयार याद्या मिळतात, त्या चिकटवू नयेत. त्यातले असंख्य छोटे रोमन तुकडे ईमेल पत्त्यांत आणि नावांत जुळतात.

शिव्यांसाठी यादीचा उपयोग मर्यादित आहे. शिवीमध्ये तारका किंवा टिंब घातलं की ती सुटते. आणि मराठीत खरा घाव बऱ्याचदा एकही वाईट शब्द न वापरता घातला जातो: आडनावावरून, गावावरून, 'तुम्हां लोकांचं असंच' या सुरातून. तो ओळखायला वाचणारा माणूसच लागतो.

अकिस्मेट

हे प्लगइन वर्डप्रेस बनवणाऱ्या वर्तुळातल्याच ऑटोमॅटिक या कंपनीचं, २००५ पासून चालू असलेलं. आलेली प्रतिक्रिया ते आपल्या सर्व्हरकडे पाठवतं, तिथे इतर असंख्य साइटींवर आलेल्या स्पॅमशी ती ताडली जाते आणि निकाल परत येतो. त्याची ताकद या सामूहिक स्मृतीत आहे. एकाच दिवशी हजार ठिकाणी टाकलेली रोमन लिपीतली जाहिरात ते जवळजवळ चुकत नाही. देवनागरीतलं, एखाददुसऱ्या मराठी ब्लॉगपुरतं हाताने लिहिलेलं स्पॅम मात्र त्याच्या हातून सुटतं. आणि ते स्वाभाविक आहे, कारण तशी उदाहरणं त्याच्याकडे कमी जातात. तिथे वरची शब्दयादी कामाला येते. म्हणूनच ही दोन साधनं एकमेकांना पर्याय नाहीत, जोडीनेच वापरावीत.

चालवायला एक किल्ली, म्हणजे सांकेतिक अक्षरांची ओळ, लागते, ती त्यांच्या साइटवर खातं उघडून मिळते. वैयक्तिक ब्लॉगसाठी 'किंमत तुम्ही ठरवा' असा पर्याय आहे. त्यात सरकपट्टी आधीच एका रकमेवर ठेवलेली असते, ती शून्यापर्यंत ओढता येते. पण शून्य निवडताना तीन गोष्टी मान्य कराव्या लागतात: साइटवर जाहिराती नाहीत, काही विकलं जात नाही, कुठल्या व्यवसायाचा प्रचार नाही. गूगलच्या जाहिराती लावलेला ब्लॉग यात बसत नाही. त्याने पैसे भरावेत किंवा दुसरा पर्याय घ्यावा.

सेटिंगमध्ये एकच निर्णय खऱ्या अर्थाने महत्त्वाचा आहे. सगळ्यात वाईट स्पॅम न दाखवता परस्पर टाकून द्यायचं, की सगळं स्पॅमच्या पेटीत ठेवायचं? मराठी ब्लॉगने नेहमी दुसरा पर्याय घ्यावा. पेटीत ठेवलेलं १५ दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून आठवड्यातून एकदा ती पेटी चाळायची आणि देवनागरीत काही दिसलं तर थांबून वाचायचं. परदेशातून लिहिणारा, प्रतिक्रियेत दुवा देणारा किंवा एकच मजकूर दोन लेखांवर चिकटवणारा भला वाचक कधीकधी तिथे सापडतो. 'नॉट स्पॅम' दाबलं की प्रतिक्रिया परत येते आणि अकिस्मेटलाही चूक कळते.

हे कळवणं दोन्ही दिशांनी चालतं, म्हणून बटण निवडताना काळजी हवी. स्पॅम असेल तर 'स्पॅम'च दाबायचं. नुसतं कचऱ्यात टाकलं तर अकिस्मेटला काही शिकायला मिळत नाही. उलट, वाचक उद्धट आहे, आपल्या मताविरुद्ध बोलतो, म्हणून त्याला 'स्पॅम' ठरवू नये. तो माणूस स्पॅमवाला आहे अशी खोटी साक्ष आपण दिलेली असते, आणि तिचा त्रास त्याला इतर साइटींवरही होऊ शकतो. उद्धट प्रतिक्रियेची जागा कचरापेटी आहे.

अकिस्मेटचा सर्व्हर काही कारणाने उत्तर देत नसेल तर प्रतिक्रिया रांगेत थांबते आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा तपासली जाते. रांग अचानक फुगली तर आधी हेच बघावं. 'चेक फॉर स्पॅम' हे बटण दाबून ती तपासणी हातानेही करता येते.

वाचकाचा आयपी पत्ता, नाव, ईमेल आणि मजकूर हे सगळं तपासणीसाठी बाहेर जातं. वाचकाला ते कळायला हवं. प्रतिक्रियेच्या चौकटीखाली तशी सूचना दाखवण्याचा पर्याय अकिस्मेटच्या सेटिंगमध्ये आहे, तो चालू करावा. ज्यांना माहिती बाहेर जाऊच द्यायची नाही, त्यांच्यासाठी 'अँटिस्पॅम बी' हे जर्मनीतल्या लोकांनी बनवलेलं मोफत प्लगइन चांगलं आहे. ते बॉटसाठी न दिसणारी फसवी चौकट ठेवतं आणि बहुतेक तपासण्या आपल्याच सर्व्हरवर करतं. जाहिराती असलेल्या ब्लॉगलाही ते फुकट आहे. त्यातला 'फक्त ठरावीक भाषांतल्या प्रतिक्रिया घ्या' हा पर्याय मात्र बंदच ठेवावा. मराठी वाचक मराठी, हिंदी, इंग्रजी आणि रोमन मराठी एकाच वाक्यात लिहितो, त्या मजकुराची भाषा ठरवणं यंत्राला अवघड आहे.

रांग सांभाळताना

प्रतिक्रियांचा पडदा चांगला बनवलेला आहे. प्रत्येक ओळीखाली मंजूर, उत्तर, झटपट संपादन, स्पॅम, कचरा ही बटणं असतात. रांगेतल्या प्रतिक्रियेला उत्तर लिहिलं तर एकाच दाबात 'मंजूर आणि उत्तर' होतं. दिवसाला पन्नासच्या वर प्रतिक्रिया येत असतील तर आपल्या प्रोफाइलमध्ये कीबोर्डचे शॉर्टकट चालू करावेत: जे आणि के ने खाली-वर, ए ने मंजूर, एस ने स्पॅम, डी ने कचरा, झेड ने चूक मागे. हाताला सवय झाली की माऊसला हात लावावा लागत नाही.

मंजुरीची सूचना ईमेलने येते, पण स्वस्त होस्टिंगवरून निघालेला ईमेल जीमेल बऱ्याचदा स्पॅममध्ये टाकतं किंवा तो पोचतच नाही. एसएमटीपीचं (ईमेल पाठवण्याच्या प्रमाणित पद्धतीचं) एखादं प्लगइन बसवून ईमेल स्वतःच्या खात्यातून पाठवला की हा प्रश्न सुटतो. तोवर सकाळ-संध्याकाळ रांग बघण्याची सवय हाच उपाय. वाचकाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर आल्याचं कळवणारी सोयही मूळ वर्डप्रेसमध्ये नाही. पाककृती किंवा माहितीपर ब्लॉगसाठी तेवढं एक प्लगइन लावावंच, नाहीतर उत्तर लिहून कुणाला पोचलं हे कळत नाही.

काम वाटून द्यायचं तर भूमिकांची रचना तोकडी पडते. सगळ्या प्रतिक्रिया हाताळण्याचा अधिकार 'एडिटर'ला आणि त्याच्या वरच्याला असतो, आणि एडिटर सगळे लेखही बदलू-पुसू शकतो. 'ऑथर' फक्त स्वतःच्या लेखांवरच्या प्रतिक्रिया हाताळू शकतो. फक्त प्रतिक्रिया सांभाळणाऱ्या माणसासाठी मुळात भूमिकाच नाही. ती तयार करणारी छोटी प्लगइन मिळतात. स्वयंसेवकाला एडिटर करण्यापेक्षा तो मार्ग घ्यावा.

या व्यवस्थेतली सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे संपादनाचं बटण. वाचकाचा मजकूर, नाव, दुवा काहीही बदलता येतं, आणि बदल केल्याची खूण वाचकाला दिसत नाही. लेखांचे जुने मसुदे वर्डप्रेस जपून ठेवतं, प्रतिक्रियांचे ठेवत नाही. दुसऱ्याच्या नावाखाली आपले शब्द घालण्याची इतकी सोपी वाट असूच नये. चुकून लिहिलेला फोन नंबर काढणं एवढ्यापुरतंच हे बटण वापरावं आणि तिथे '[फोन नंबर काढला – संपादक]' असं लिहावं. शुद्धलेखनसुद्धा सुधारू नये. यात कायद्याचा भागही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ मध्ये दुसऱ्याच्या मजकुरासाठी मध्यस्थाला, म्हणजे तो मजकूर दाखवणाऱ्या साइटला, जे संरक्षण दिलं आहे, त्याच्या अटींमध्ये मजकुराची निवड किंवा त्यात बदल न करण्याचा उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने त्याच कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधली बदनामी प्रतिक्रियांनाही लागू होते. एखाद्या नाव घेतलेल्या माणसावर गुन्ह्याचा आरोप करणारी प्रतिक्रिया पुराव्याशिवाय मंजूर करू नये, ती कितीही खरी वाटली तरी.

नियम प्रतिक्रियेच्या चौकटीच्या लगेच वर दिसायला हवेत, वेगळ्या पानावर कुणी जात नाही. ब्लॉक थीम (ब्लॉक जोडून पानाची मांडणी बदलता येणारी थीम) असेल तर 'अपिअरन्स'मधल्या 'एडिटर'मध्ये एका लेखाचा साचा उघडून प्रतिक्रिया-फॉर्मच्या वर एक परिच्छेद-ब्लॉक ठेवला की झालं. चार ओळी पुरतात: पहिली प्रतिक्रिया वाचून मंजूर होते, साधारण इतक्या वेळात, मतभेद चालतील, माणसाच्या जाती-धर्मावर, शरीरावर, कुटुंबावर बोललेलं चालणार नाही, फोन नंबर आणि पत्ते लिहू नका, जाहिरात काढून टाकली जाईल. वेळ लिहिली की ती पाळावी. 'माझी प्रतिक्रिया गाळली' हा राग बहुतेक वेळा गाळल्याचा नसतो, वाट बघायला लागल्याचा असतो.

कुणी आपलं नाव आणि जुन्या प्रतिक्रियांमधली ओळख पुसायला सांगितली तर एकेक प्रतिक्रिया शोधत बसू नये. 'टूल्स'मध्ये वैयक्तिक माहिती पुसण्याचं साधन मे २०१८ मधल्या ४.९.६ या आवृत्तीपासून आहे. ईमेल टाकला की त्या माणसाला खात्रीचा ईमेल जातो, आणि त्याने होकार दिल्यावर आपण पुसण्याचं बटण दाबलं की नाव, ईमेल, आयपी निघून जातात. मजकूर राहतो, त्यामुळे खाली दिलेली उत्तरं निराधार होत नाहीत.

दुसरे पर्याय घ्यावेत का?

ब्लॉगरची जुन्या लेखांची सोय सोडली तर बाकी हातात फारसं काही नाही. शब्दयादी नाही, प्रतिक्रिया संपादित होत नाही (हे चांगलंच), मंजुरी नेहमी, कधीकधी किंवा कधीच नाही एवढे तीन पर्याय. दिवसाला दोन-चार प्रतिक्रिया येणाऱ्या ब्लॉगला ते पुरतं. डिस्कस या बाहेरच्या प्रतिक्रिया-सेवेच्या मोफत योजनेत वाचकाला जाहिराती दिसतात, लेखाचं पान जड होतं, आणि प्रतिक्रिया लिहायला बहुतेकदा आणखी एक खातं लागतं. साठी ओलांडलेला मराठी वाचक त्या खात्यापाशीच थांबतो.

वर्डप्रेसच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट अशी की प्रतिक्रिया आपल्याच डेटाबेसमध्ये राहतात. ज्या ब्लॉगर-ब्लॉगांनी गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमाच्या प्रतिक्रिया जोडल्या होत्या, त्यांच्या त्या सगळ्या प्रतिक्रिया २०१९ मध्ये गूगल प्लससोबत गेल्या, आणि त्यांत वाचकांनी वर्षानुवर्षं दिलेल्या दुरुस्त्या, आठवणी, संदर्भ होते. 'टूल्स'मधल्या 'एक्सपोर्ट'मध्ये लेखांसोबत प्रतिक्रियाही एकाच फाइलमध्ये उतरतात. महिन्यातून एकदा ती फाइल काढून होस्टिंगच्या बाहेर, स्वतःच्या संगणकावर ठेवावी. काढण्याआधी कचरापेटी रिकामी करावी, नाहीतर फाइल विनाकारण फुगते. पेटीत हजारो नोंदी साचल्या असतील तर 'रिकामी करा' हे बटण स्वस्त होस्टिंगवर मध्येच दम तोडतं, कारण नोंदी एकेक करून पुसल्या जातात. अशा वेळी एका पानावर २०० नोंदी दाखवून, त्या निवडून, टप्प्याटप्प्याने पुसाव्यात.